कृष्णविवरे जोडीने कशी जन्मतात?

कावेरी आणि अरसलार ह्या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात कुंभकोणम हे गाव वसलेले आहे. तंजावर तेथून सुमारे चाळीस किलोमीटरांवर. आणि तंजावरचे नाव निघाले की मराठी माणसाला तो मुलूख परका वाटत नाही. व्यंकोजीराजांनी तेथे स्थापन केलेली गादी १८५५ पर्यंत टिकली, आणि तिच्या आश्रयाने गेलेली मराठी घराणी कावेरीकाठी कायमची रुजली. बडोद्याचे सुप्रसिद्ध दिवाण सर टी. माधवराव हे अशाच घराण्यातले; त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच झाला.

ह्या गावी दर बारा वर्षांनी महामहम नावाचे मोठे पर्व येते. गुरू सिंह राशीत असावा, तमिळ मासी महिन्यातील पौर्णिमा असावी आणि चंद्र मघा नक्षत्रात असावा, असा योग जुळला म्हणजे लाखो लोक तेथील महामहम तलावात स्नान करतात. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ भरतो तोही गुरूच्या ह्याच मुक्कामात. २०१५-१६ साली गुरू सिंहेत होता. नाशिकला सिंहस्थ चालू असताना, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी, अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो ह्या जुळ्या वेधयंत्रांत एक अतिसूक्ष्म थरथर नोंदली गेली. शास्त्रज्ञांनी पाच महिने तिची छाननी केली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगितले की, ही थरथर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याची होती. त्यानंतर अकराव्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, कुंभकोणमला महामहमचे स्नान झाले.

ह्या जुळणीत योगायोगापलीकडे काही नाही, हे सांगून टाकलेले बरे. ज्योतिषाला येथे थारा नाही. परंतु महामहमचे निमित्त एका वेगळ्याच कारणाने आपल्या विषयाला लागू पडते. ते कारण म्हणजे स्वतः मघा तारा.

मघा नक्षत्राचा योगतारा सिंहाच्या काळजाच्या जागी, आपल्यापासून सुमारे ७९ प्रकाशवर्षे दूर आहे. डोळ्यांना तो एकटा दिसतो. पण तो एकटा नाही. त्याच्याभोवती चाळीस दिवसांत एक फेरी घालणारा एक अगदी लहान, मंद सोबती आहे, हे २००८ साली त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून कळून आले. मघा तारा सूर्याच्या सुमारे पावणेचार पट जड, तर हा सोबती सूर्याच्या एकतृतीयांशाहूनही हलका. आणखी एक नवल असे की, मघा स्वतःभोवती सुमारे सोळा तासांत गिरकी घेतो. आपल्या सूर्याला त्याच गिरकीसाठी पंचवीस दिवस लागतात. ह्या वेगामुळे मघा तारा विषुववृत्तापाशी फुगून चपटा झाला आहे.

ह्या दोन गोष्टींचा मेळ ज्योतिर्विदांनी असा घातला आहे. एके काळी तो लहान सोबतीच दोघांतला थोरला होता. जड तारा आपले इंधन उधळपट्टीने जाळतो, म्हणून तो आधी म्हातारा होतो आणि फुगतो. हा थोरलाही तसाच फुगला. त्याचे बाहेरचे आवरण शेजाऱ्याच्या ओढीच्या टापूत गेले आणि हळूहळू शेजाऱ्यावर ओतले गेले. घेणारा जड झाला. तसेच भोवऱ्याभोवती दोरी ओढावी त्याप्रमाणे, वळण घेत येणाऱ्या ह्या द्रव्याने त्याला गरगरा फिरविलेही. देणाऱ्याजवळ उरला तो केवळ उघडा पडलेला गाभा. ज्या ताऱ्याच्या नावाने कुंभकोणमचे पर्व भरते, त्याच्या घरात असा वाटणीचा व्यवहार होऊन गेलेला आहे. मघेच्या घरातून कृष्णविवर निघणार नाही, कारण तेवढे द्रव्यच तेथे नाही. परंतु कृष्णविवरांची जोडी जमण्याची जी कथा आज शास्त्रज्ञ सांगतात, तिचा पहिला अध्याय हुबेहूब असाच आहे.

आता तारा कृष्णविवर कसा होतो ते थोडक्यात पाहू. ताऱ्याचे आयुष्य म्हणजे दोन जोरांची झुंज. त्याचे स्वतःचे वजन त्याला आत ओढीत असते आणि गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना निघणारी उष्णता त्याला बाहेर तोलून धरीत असते. इंधन संपले की तोल जातो. सूर्यासारख्या ताऱ्याचा गाभा आकसून पृथ्वीएवढा, घट्ट श्वेतबटू होतो आणि तेथे थांबतो. पण हे थांबणे कुठवर शक्य आहे? १९३० साली विलायतेस बोटीने निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ह्या विद्यार्थ्याने प्रवासातच ते गणित मांडले. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड गाभा श्वेतबटू म्हणून टिकू शकत नाही, असा निष्कर्ष त्यातून पुढे निघाला. १९३५ साली लंडनच्या सभेत सर आर्थर एडिंग्टन ह्यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने ह्या निष्कर्षाची टर उडविली. चंद्रशेखरांनी वाद वाढविला नाही, आणि निष्कर्षही सोडला नाही. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या मर्यादेपलीकडचा गाभा न्यूट्रॉन तारा होतो, आणि सूर्याच्या दोन-अडीच पटींपलीकडे गेल्यास त्यालाही आधार राहत नाही. मग सारे आत आत कोसळते, आणि जेथून प्रकाशही परत येत नाही असा एक प्रदेश मागे राहतो. तेच कृष्णविवर. जन्मतः सूर्याच्या वीस-पंचवीस पट किंवा त्याहून जड असलेल्या ताऱ्यांचा शेवट बहुधा असा होतो.

एक तारा, एक कृष्णविवर; येथवर ठीक आहे. २०१५ साली जी थरथर आली ती मात्र दोन कृष्णविवरांची होती. एक सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसरे २९ पट. दोन्ही मिळून ६२ सूर्यांचे एक विवर झाले. बेरीज पासष्टाची हवी होती. कमी पडलेल्या तीन सूर्यांएवढे द्रव्य सेकंदाच्याही आत गुरुत्वाच्या लहरींच्या रूपाने अवकाशात पसरले. ह्या लहरी आपल्यापर्यंत पोचायला सुमारे १३० कोटी वर्षे लागली, आणि येथे आल्या तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या यंत्रभुजेत त्यांनी घडविलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांशांएवढा होता. एवढा फरक मोजता यावा, हेच मुळात विश्वास बसू नये असे काम आहे.

खरी अडचण पुढेच आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरताना गुरुत्वलहरींच्या वाटे आपली शक्ती गमावतात आणि जवळ येत जातात, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून ठरते. पण हा ऱ्हास अतिशय संथ असतो. सूर्याच्या तीसतीस पट जड अशी दोन विवरे पृथ्वी आणि सूर्य ह्यांच्यामधील अंतरावर ठेवली, तर त्यांना एक व्हायला सुमारे सहा लाख कोटी वर्षे लागतील. सबंध विश्वाचे वयच १,३८० कोटी वर्षे आहे! अंतर निम्मे केले तर काळ सोळापट घटतो. हिशेब केला असता असे दिसते की, विश्वाच्या वयाच्या आत ही दोन विवरे मिसळायची असतील, तर सुरुवातीलाच त्यांच्यात सव्वातीन कोटी किलोमीटरांहून फारसे अधिक अंतर असून चालणार नाही. आपला बुध सूर्यापासून ह्याहून दूर फिरतो.

एवढ्याशा जागेत दोन प्रचंड तारे मावायचे कसे? मृगातील काक्षी तारा पाहा. वृद्धापकाळी तो इतका फुगला आहे की, त्याला सूर्याच्या जागी आणून ठेवले, तर पृथ्वी आणि मंगळ ह्या दोघांच्याही कक्षा त्याच्या पोटात जातील. जोडतारे जन्मतःच जवळ असतील, तर म्हातारपणी फुगून एकमेकांत मिसळून एकच तारा होतील आणि जोडी राहणार नाही. दूर असतील तर कृष्णविवरे दोन होतील, पण विश्वाच्या अंतापर्यंत त्यांची भेट होणार नाही. कोडे आहे ते हे. तारे असताना दूर आणि विवरे होताना जवळ, ही कसरत निसर्ग कशी साधतो?

ह्या प्रश्नाची पहिली, आणि सर्वांत अधिक अभ्यासलेली, वाट मघेच्या घरातून जाते. फार जड तारे सहसा एकटे नसतात. ह्यूग साना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले की, सर्वांत तप्त व जड अशा निळ्या ताऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात कधी ना कधी आपल्या जोडीदाराशी द्रव्याची देवघेव करतात. समजा, असे दोन तारे जन्मले. जेथे सूर्य १,००० कोटी वर्षे जगतो, तेथे ह्यांचे आयुष्य उणेपुरे पन्नास लाख वर्षांचे. थोरला आधी फुगतो, त्याचे आवरण धाकट्यावर ओतले जाते, आणि उघडा पडलेला हेलियमचा गाभा थोड्याच काळात कोसळून कृष्णविवर होतो. ह्या टप्प्यावरचे घर आकाशात प्रत्यक्ष दाखविता येते. हंस तारकासमूहात, सुमारे ७,२०० प्रकाशवर्षांवर, सिग्नस एक्स-१ नावाचे क्ष-किरणांचे उगमस्थान आहे. तेथे सूर्याच्या एकवीस पट जड असे कृष्णविवर आणि एक निळा महाकाय तारा एकमेकांभोवती साडेपाच दिवसांत फेरी घालतात. ताऱ्याचे द्रव्य विवराकडे ओढले जाते आणि तापून क्ष-किरण फेकते.

दुसरा अध्याय अधिक नाट्यमय आहे. आता धाकट्याची फुगण्याची पाळी येते. त्याचे आवरण इतक्या वेगाने पसरू शकते की, शेजारचे कृष्णविवर त्या आवरणाच्या आतच सापडते. ह्या अवस्थेला सामाईक आवरण म्हणतात. पोलिश ज्योतिर्विद बोहदान पाचिन्स्की ह्यांनी १९७६ साली ही कल्पना मांडली. पाण्यात चालणाऱ्या माणसाला जसा पाण्याचा रेटा लागतो, तसा विवराला त्या वायूचा रेटा लागतो. त्याची कक्षा आक्रसत जाते, आणि ह्या घर्षणातून निघालेली शक्ती आवरणाला बाहेर उधळून लावते. काही वर्षांच्या, फार तर काही शतकांच्या अवधीत, कोट्यवधी किलोमीटरांचे अंतर शेकडो पटींनी घटते. आत उरतात एक कृष्णविवर आणि त्याच्या अगदी जवळ एक उघडा गाभा. तोही यथाकाल कोसळतो, आणि कृष्णविवरांची जोडी तयार होते.

ही कथा मोठी सुरेख जुळते. आणि मला वाटते, तिच्या सुरेखपणामुळेच तिच्याकडे अधिक साशंक दृष्टीने पाहिले पाहिजे. सामाईक आवरण उधळले जाण्याऐवजी विवर गाभ्यातच जाऊन रुतले तर? अलीकडची काही गणिते सांगतात की, बऱ्याच जोड्यांमध्ये ह्या नाट्याची गरजच पडत नसावी. जड ताऱ्याकडून हलक्या विवराकडे द्रव्य शांतपणे वाहत राहिले तरी कक्षा पुरेशी लहान होऊ शकते. ह्या दोहोंपैकी कोणता मार्ग अधिक चालतीचा, ह्यावर मतभेद आहेत.

दुसरी शंका स्फोटाची. तारा कोसळताना सुपरनोव्हा नावाचा जो स्फोट होतो, त्यात द्रव्य एका बाजूला अधिक फेकले गेले, तर उरलेल्या गाभ्याला उलट दिशेने धक्का बसतो आणि जोडीच फुटते. परंतु फार जड तारे कदाचित स्फोट न होताच निमूटपणे मिटत असावेत. आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघात २०२२ साली सापडलेली व्हीएफटीएस २४३ ही जोडी ह्याला पुष्टी देते. तेथे एक मूक कृष्णविवर आपल्या निळ्या सोबत्याबरोबर दहा दिवसांच्या, जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरते. मोठा धक्का बसला असता तर कक्षा अशी गोल राहिली नसती.

तिसरी गोष्ट ताऱ्याच्या घटकांची. ताऱ्यात लोहासारखी जड मूलद्रव्ये अधिक असली, तर त्याच्या प्रकाशाचा दाब त्या अणूंना ढकलून वारा निर्माण करतो आणि तारा आयुष्यभर झिजत राहतो. मरताना त्याच्याजवळ फारसे काही शिल्लकच नसते. म्हणून तीस सूर्यांएवढी विवरे प्राचीन काळच्या, लोह फार थोडे असलेल्या ताऱ्यांपासून झाली असावीत, असे अनुमान २०१५ पूर्वीच केले गेले होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये गाया ह्या अवकाशयानाच्या वेधांतून त्याचा एक देखणा पुरावा मिळाला. आपल्याच आकाशगंगेत, गरुड तारकासमूहात, केवळ दोन हजार प्रकाशवर्षांवर ३३ सूर्यांएवढे एक कृष्णविवर सापडले. आणि त्याच्याभोवती फिरणारा तारा अतिशय जुना व लोहहीन निघाला.

आणखी एक वाट अशी की, दोन तारे जन्मतः चिकटून असावेत आणि इतके गरगर फिरावेत की आतले-बाहेरचे द्रव्य घुसळून एकजीव व्हावे. मग वेगळा गाभा आणि वेगळे आवरण हा भेदच राहत नाही. तारा फुगत नाही, सगळाच्या सगळा हेलियम होतो आणि जागच्या जागी कोसळतो. मोठ्या मॅगेलन मेघातील व्हीएफटीएस ३५२ ही जोडी अशीच परस्परांना टेकलेली आहे. दोघे मिळून सव्वीस-सत्तावीस तासांत एक प्रदक्षिणा पुरी करतात.

ह्या सर्व वाटांत जोडी जन्मापासूनची आहे. पण काही जोड्या पुढे, गर्दीत जमत असतील. आकाशगंगेभोवती गोलाकार तारकागुच्छ आहेत, ज्यांत लाखो तारे दाटीवाटीने राहतात. त्यांतील ओमेगा सेंटॉरी हा सर्वांत मोठा. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. चैत्र-वैशाखातल्या रात्री तो दक्षिणेकडे अंधुक ठिपक्यासारखा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पुण्याहून तो क्षितिजावर चोवीस अंशच चढतो, कुंभकोणमहून एकतीस अंश. तेव्हा दक्षिणेकडच्या मंडळींना तो पाहणे अधिक सोपे. ताक घुसळले की लोणी वर येते. येथे नेमके उलट घडते. ताऱ्यांच्या ह्या घुसळणीत जे जड ते तळाशी, म्हणजे गुच्छाच्या मध्यभागी, जाऊन बसते. तेथे कृष्णविवरांची गर्दी होते. एखाद्या जोडीजवळून तिसरे विवर गेले की तिघांची ओढाताण होते, बहुधा सर्वांत हलके बाहेर फेकले जाते, आणि ते जाताना शक्ती घेऊन गेल्यामुळे उरलेली जोडी अधिक घट्ट होते. असे पुनःपुन्हा घडले म्हणजे दोघे इतके जवळ येतात की पुढचे काम गुरुत्वलहरी पुरे करतात.

मग प्रत्यक्षात कोणती जोडी कोणत्या वाटेने आली, हे ओळखायचे कसे? विवराला चेहरा नसतो. त्याच्याजवळ सांगण्यासारख्या गोष्टी दोनच. त्याचे वजन आणि त्याची स्वतःभोवतीची गिरकी. एकाच घरात वाढलेल्या जोडीत दोघांच्या गिरक्यांचे आस बहुतेक कक्षेशी सरळ जुळलेले असतील. गर्दीत जमलेल्या जोडीत ते वाटेल तसे कललेले असतील. वजनाचा पुरावा आणखी मनोरंजक आहे. फारच जड ताऱ्यांच्या गाभ्यात तापमान इतके चढते की, प्रकाशकिरणांपासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन ह्यांच्या जोड्या उत्पन्न होऊ लागतात. त्यामुळे दाब एकदम ढासळतो आणि तारा स्वतःला पूर्णपणे उडवून देतो; मागे कृष्णविवरही राहत नाही. म्हणून साधारण पन्नास ते एकशेवीस सूर्यांच्या दरम्यान विवरे असू नयेत, असे गणित सांगते. ह्या सीमांबद्दल मात्र एकमत नाही. आणि नेमक्या ह्याच निषिद्ध पट्ट्यात, २१ मे २०१९ रोजी, ८५ आणि ६६ सूर्यांची विवरे मिसळल्याची लहर आली! २३ नोव्हेंबर २०२३ ची घटना तर त्याहूनही दांडगी. तीत सुमारे १३७ आणि १०३ सूर्यांची विवरे एक होऊन २२५ सूर्यांच्या आसपासचे विवर झाले, आणि मिसळणारी दोन्ही विवरे अतिवेगाने गरगरत होती. अशी विवरे सरळ ताऱ्यांपासून झाली नसून आधीच्या विवरांच्या मीलनातून झाली असावीत, म्हणजे ही दुसरी पिढी असावी, असा तर्क त्यामुळे बळावला आहे. पहिल्या दहा वर्षांत अशा सुमारे तीनशे घटनांची नोंद झाली आहे. सगळ्यांचा मेळ घालता एकच एक वाट पुरी पडत नाही. काही जोड्या घरच्या, काही गर्दीतल्या, असेच आज तरी म्हणावे लागते.

ह्या वेधांत महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो मागाहून आलेला नाही. यंत्राच्या गोंगाटातून लहरीची ओळख पटवायची, तर ती कशी दिसेल ह्याचे अनेक नमुने आधी तयार ठेवून प्रत्येकाशी नोंद ताडून पाहावी लागते. हे नमुने किती आणि कसे निवडावेत, ह्याची पद्धत पुण्याच्या आयुका ह्या संस्थेत प्राध्यापक संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश ह्यांनी १९९० च्या सुमारास बसविली. लहरी प्रत्यक्ष सापडायला अद्याप पाव शतक अवकाश होता. आता हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगोचे भारतीय वेधयंत्र उभारावयाचे आहे. त्याला तत्त्वतः मान्यता मिळाली ती १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे अमेरिकेतील घोषणा आणि कुंभकोणमचे स्नान ह्यांच्या मधल्या आठवड्यात. आणि २०२३ साली केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. यंत्रे एकमेकांपासून जितकी दूर, तितकी लहरीची दिशा अचूक कळते, आणि जोडीच्या कक्षेचा कल अधिक नीट मोजता येतो. जी विवरे गर्दीतली की घरची, हा प्रश्न कलावरच अडला आहे, त्यांच्यासाठी औंढ्याचे हे ठिकाण महत्त्वाचे.

कुंभकोणमचे नाव घेऊन रामानुजनचे नाव न घेणे शक्य नाही, आणि ह्या विषयात ते ओढूनताणून आणावे लागत नाही. श्रीनिवास रामानुजन जन्मला इरोडला, १८८७ साली. पण वाढला कुंभकोणमला, शारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील एका लहानशा घरात. तेथल्या सरकारी महाविद्यालयात गणिताखेरीज इतर विषयांकडे लक्ष न दिल्यामुळे त्याची शिष्यवृत्ती गेली. त्याचा पहिला निबंध १९११ साली ज्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला, तिचे ग्रंथालय त्या काळी आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. एखादी संख्या किती प्रकारांनी फोडून लिहिता येते, हा त्याचा आवडता प्रश्न. पाच ही संख्या सात प्रकारांनी लिहिता येते. दोनशे ही संख्या ३९,७२,९९,९०,२९,३८८ प्रकारांनी. रामानुजन आणि हार्डी ह्यांनी १९१८ साली हे मोजण्याचे सूत्र दिले. विलायतेहून आजारी होऊन परतल्यावर, १२ जानेवारी १९२० रोजी, त्याने हार्डींना शेवटचे पत्र लिहिले. त्यात मॉक थीटा फलने नावाच्या एका नव्याच प्रकारची उदाहरणे होती. व्याख्या मात्र स्पष्ट नव्हती. एप्रिलमध्ये तो गेला. त्या फलनांचे मर्म उलगडायला २००२ साल उजाडले. सांडर झ्वेगर्स ह्या डच तरुणाने आपल्या प्रबंधात ते उलगडले.

वर्तमानपत्रे कधीकधी लिहितात की, रामानुजनने मृत्युशय्येवर कृष्णविवरांचे सूत्र शोधले. हे खरे नाही. त्याच्या हयातीत कृष्णविवर हा शब्दही नव्हता, आणि ताऱ्यांपासून जोडी कशी जमते ह्या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वहीत नाही. संबंध आहे तो वेगळा, आणि माझ्या मते अधिक विलक्षण. कृष्णविवराच्या आत द्रव्याच्या किती निरनिराळ्या सूक्ष्म मांडण्या असू शकतात, हे मोजण्याचा एक मार्ग १९९६ पासून तंतुसिद्धांताने दिला आहे. मोजणीची फलने रामानुजनच्या जातीचीच निघतात. पण ह्या मोजणीत एक भेसळ होते. एकट्या विवराच्या मांडण्यांबरोबर, एकमेकांना बांधून राहिलेल्या दोन विवरांच्या मांडण्याही त्यात मिसळतात. आणि ह्या जोड्या परिस्थिती बदलली की जमतात किंवा विरघळतात, म्हणून उत्तर स्थिर राहत नाही. गडहिंग्लजचे सुपुत्र अतिश दाभोलकर, त्यांचे सहकारी समीर मूर्ती आणि गणिती डॉन झागियर ह्यांनी २०१२ साली ह्या जोड्या हिशेबातून नेमक्या वेगळ्या काढल्या. जोड्या काढताच एकट्या विवराची मोजणी स्थिर झाली, पण तिची सममिती मात्र थोडी मोडली. आणि ती मोड अगदी तशीच होती, जशी कुंभकोणमच्या त्या आजारी गणितज्ञाच्या शेवटच्या पत्रातील फलनांत असते. दाभोलकर २०१९ साली इटलीतील त्रिएस्तच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले. त्यांच्या गणितातील जोड्या आकाशातल्या नव्हेत; त्या ज्या काल्पनिक विश्वात राहतात, तेथे काक्षी नाही, मघा नाही आणि लोहाचा वाराही नाही. ही दोन गणिते कोठे एकत्र येतात का, हे अजून कोणी दाखविलेले नाही.